मूळ, खोड आणि डोळा

वनस्पतीचा जमिनीखालील भाग तो मूळ व जमिनीवरील भाग तो खोड, असा समज सर्वत्र रूढ आहे. ‘कंदमुळे’ हा जोडशब्द त्याला पुष्टीच देतो. वस्तुतः बटाटा, आले, हळद व सुरण ही मातीखाली वाढणारी खोडे होत. रताळे व गाजर ही मात्र मुळे होत. भेद स्थानाचा नसून रचनेचा आहे. खोडावर पेरी असतात, दोन पेऱ्यांमध्ये कांडे असते आणि पेऱ्यावर पानाच्या बगलेत कळी असते. मुळाला पेरी नसतात. त्याच्या टोकावर टोपीसारखे आवरण असून त्यामागे सूक्ष्म मूलरोमांचा पट्टा असतो. मातीतील पाणी व क्षार शोषून घेण्याचे काम मुख्यतः तेथेच चालते. अंतर्रचनाही निराळी. पाणी वर नेणारे प्रकाष्ठ व अन्न वाहून नेणारे परिकाष्ठ खोडात एकाच जुडग्यात, तर मुळात आलटूनपालटून निरनिराळ्या त्रिज्यांवर असते.

शेतकऱ्याच्या बोलीत हा सारा भेद एका शब्दात सामावला आहे: डोळा. बटाट्याला डोळे असतात, उसालाही असतात. रताळ्याच्या संदर्भात हा शब्द सहसा ऐकू येत नाही. बटाट्याचे बेणे कापताना प्रत्येक फोडीवर निदान एक डोळा राखावा लागतो, अन्यथा ती फोड मातीत कुजून जाते. रताळ्यालाही कोंब फुटतात खरे, परंतु ते आगंतुक असतात, नियत स्थानी येत नाहीत. म्हणून आपल्याकडे रताळ्याची लागवड वेलाच्या तुकड्यांनी, म्हणजे खोडानेच करितात.

उसाची टिपरी या दृष्टीने विशेष बोधप्रद आहे. तिच्या पेऱ्याजवळ डोळ्याबरोबरच बारीक ठिपक्यांचा पट्टा दिसतो. ओल मिळताच त्या ठिपक्यांतून मुळे फुटतात व नव्या कोंबाला स्वतःची मुळे येईपर्यंत तीच पाणी पुरवितात. खोडाच्या अंगी मूळ होण्याची ही तयारी वडाच्या पारंबीतही दिसते.

असे असता पाठ्यपुस्तकांतून बटाटा व रताळे या दोहोंनाही सरसकट ‘कंद’ म्हणणे कितपत इष्ट? ‘खोडकंद’ व ‘मूळकंद’ असे शब्द योजिल्यास घोटाळा टळेल. केळीचा प्रश्न मात्र तेवढ्यानेही सुटत नाही. ज्याला सर्व जण केळीचे खोड म्हणतात, ती पानांच्या देठांची एकात एक गुंडाळलेली सोपटे होत. खरे खोड मातीतील गड्डा. मुनवे फुटतात ते त्याच्याच डोळ्यांतून.