कडक म्हणजे फास्ट?

सेकंड इयरला असताना मी बाइकच्या मागच्या शॉकअपची रिंग पार शेवटच्या खाचेपर्यंत फिरवली होती. हॉस्टेलच्या पार्किंगमध्ये एका सीनियरनं छातीठोकपणे सांगितलं होतं, "स्पोर्ट्स गाड्यांचं सस्पेन्शन कडकच असतं रे. कर कडक, मग बघ कॉर्नरिंग!"

पुढच्याच रविवारी सिंहगडावरून एकटा उतरताना ते कॉर्नरिंग बघितलं. वळणावर ओळीनं छोटे खड्डे होते. स्पीड फार नव्हता. मागचं चाक उडालं, बाजूला सरकलं आणि मी कोपराला पाच टाके घालून परतलो. ऐन सबमिशनच्या आठवड्यात उजवा हात गळ्यात!

जर्नल अपूर्ण का, हे विचारायला सरांनी केबिनमध्ये बोलावलं. सगळी हकीकत ऐकून एवढंच म्हणाले, "रिंग फिरवल्यावर स्प्रिंगचा स्टिफनेस वाढला का?" मी म्हणालो, "हो सर." "मग फॉर्म्युला लिहून दाखव."

डाव्या हातानं लिहिला. तारेची जाडी, वेटोळ्यांचा व्यास, वेटोळ्यांची संख्या, मटेरियल. रिंग कुठेच नाही! साध्या स्प्रिंगची रिंग फिरवली की फक्त प्रीलोड वाढतो, म्हणजे स्प्रिंग आधीच थोडी दाबून ठेवली जाते. त्यामुळे आपण बसल्यावर गाडी जेवढी खाली बसते, तो सॅग कमी होतो. ही सोय मागे डबलसीट बसणाऱ्यासाठी असते. मी एकटा, वजन ५२ किलो, म्हणून सॅग जवळपास शून्य. आणि सॅग म्हणजे चाकाला खाली जायला राखून ठेवलेली जागा. खड्डा आला तेव्हा चाकाला खाली जायला वावच नव्हता. टायर हवेत. हवेतल्या टायरला कसली आलीय पकड?

त्या दिवसापासून हा विषय डोक्यात बसला. मित्रांनो, आपण समजतो की आराम आणि परफॉर्मन्स एकमेकांचे वैरी आहेत. अर्धंच खरं आहे ते. टायरवरचा भार दुप्पट झाला तरी पकड दुप्पट होत नाही, त्याहून कमी वाढते. म्हणून खडबडीत रस्त्यावर भार सारखा वर-खाली होत राहिला, तर वाढताना मिळते त्यापेक्षा जास्त पकड कमी होताना जाते. एकूण तोटाच. जे सस्पेन्शन धक्के गिळतं, ते टायरही रस्त्याला चिकटवून ठेवतं.

मग स्पोर्ट्स कार कडक का? कारण दुसरी बाजूही आहे. मऊ गाडी वळणावर कलते, ब्रेक मारला की नाक खुपसते, स्टिअरिंगला उशिरा उत्तर देते. याचं माप म्हणजे नॅचरल फ्रिक्वेन्सी. साधी फॅमिली कार साधारण १ ते १.५ हर्ट्झला झुलते, स्पोर्ट्स कार २ च्या आसपास, डाउनफोर्सवाली रेसिंग कार ३ किंवा त्याहून वर. १ हर्ट्झसाठी गाडीच्या स्वतःच्या वजनानं स्प्रिंग सुमारे २५ सेंमी दबावी लागते, २ हर्ट्झला फक्त ६ सेंमी. आणि माणसाच्या शरीराला उभी कंपनं सर्वांत जास्त छळतात ती ४ ते ८ हर्ट्झला. रेसिंग कारला हे परवडतं, कारण ट्रॅक गुळगुळीत असतो आणि वेगाबरोबर वाढणारा डाउनफोर्स गाडीला खाली दाबत असतो. आपल्या कॉलेजच्या गेटसमोरच्या रस्त्यावर कसला डाउनफोर्स!

हुशार इंजिनिअरांनी हा पेच वेगवेगळ्या तऱ्हेनं सोडवला. १९६२ च्या लोटस एलाननं गाडी हलकी ठेवली आणि स्प्रिंग चक्क मऊ. तरी हँडलिंगसाठी ती आजही नावाजली जाते. १९९२ ची विल्यम्स एफडब्ल्यू१४बी ही फॉर्म्युला वन कार कॉम्प्युटर आणि हायड्रॉलिक्सनं स्वतःची उंची सांभाळायची. त्या वर्षी नायजेल मॅन्सेल त्याच गाडीवर चॅम्पियन झाला आणि १९९४ च्या सीझनपासून ॲक्टिव्ह सस्पेन्शनवर बंदीच आली! आज अनेक महागड्या स्पोर्ट्स कारमध्ये डॅम्पर क्षणात कमी-जास्त कडक होतात. म्हणजे उत्तर 'कडक' हे नाही, 'जेव्हा हवं तेव्हा, जेवढं हवं तेवढं' हे आहे.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण, आमच्या विंगमधला एक पठ्ठ्या वडिलांच्या जुन्या हॅचबॅकच्या स्प्रिंग कापायला निघालाय. गाडी खाली, लूक भारी! अरे बाबा, सहातलं एक वेटोळं कापलंस तर स्टिफनेस २० टक्के वाढेल, पण चाकाला वर यायला जागा कमी उरेल. शिवाय डॅम्पर जुनाच. खड्ड्यात सस्पेन्शन तळाला आपटेल, आणि त्या गाडीत सुट्टीला आई-बाबाही बसणार आहेत.

त्यापेक्षा स्वस्तातलं सांगतो. आधी टायरची हवा तपास, कंपनीनं दिलीय तेवढीच ठेव. मग डॅम्पर बघ, तेल गळत असेल तर बदल. गाडीचा कोपरा दाबून सोड. झुलतच राहिला तर डॅम्पर गेला समज. बाइकवाल्यांनो, डबलसीट सोडून परत आलात की रिंग मागे फिरवा.

एवढं करूनही स्प्रिंग कापावीशी वाटली, तर आधी माझ्या रूमवर ये. टाक्यांची खूण अजून आहे, दाखवतो.