शेळीचे रक्त तपासायला देताना

तिसगाव, मढी, पाथर्डी या पट्ट्यात वस्तीतल्या घरामागे दोन-चार शेळ्या असतातच. पाऊस दगा देतो, ऊसतोडीला जावे लागते, पोराची फी भरायची असते, तेव्हा विकायला शेळीच हाताशी असते. ती चौथ्या-पाचव्या महिन्यात गाभडली की कुणी नजर लागली म्हणते, कुणी बोकडाने ढुशी मारली म्हणते. नजरेचे सोडून द्या. ढुशी एखादे वेळी खरी असेलही. पण एकीमागून दुसरी गाभडली, तर सगळ्या शेळ्यांचे रक्त तपासून घ्यावे. त्यात माणसांचाही जीव अडकलेला आहे.

शेळ्या गाभडण्याची कारणे अनेक आहेत. त्यातले एक ब्रुसेलोसिस. याचे जंतू कच्च्या दुधातून, गाभडलेल्या करडातून आणि वारेतून माणसात शिरतात. मग ताप येतो-जातो, रात्री घाम सुटतो, कंबर आणि सांधे धरतात आणि हे आठवडेच्या आठवडे चालते. मलेरिया, टायफॉइड म्हणून गोळ्या चालू राहतात. करडू ओढून घेणाऱ्या, वार उचलणाऱ्या बहुधा घरातल्या बायाच असतात, म्हणून धोकाही त्यांनाच जास्त.

माल्टा नावाच्या बेटावर इंग्रज सैनिकांना असाच ताप येई. डेव्हिड ब्रूस यांनी 1887 मध्ये त्याचा जंतू शोधला, पण तो येतो कुठून हे कळायला 1905 साल उजाडले. थेमिस्टोक्लिस झॅमिट या तिथल्याच डॉक्टरांनी शेळ्यांचे रक्त तपासले, तेव्हा दिसायला धडधाकट, दूध देणाऱ्या शेळ्यांच्या रक्तात रोगाची खूण निघाली. पुढच्या वर्षी सैनिकांना ते दूध बंद केले आणि ताप झपाट्याने ओसरला. म्हणून फक्त गाभडलेली शेळी दवाखान्यात नेऊन भागत नाही. कळपातल्या बाकीच्या शेळ्या आणि बोकडही दाखवावा.

रक्त काढले की शेळी आटते, अशी भीती काही घरांत असते. तीस किलोच्या शेळीच्या अंगात साधारण दोन लिटर रक्त असते. तपासणीला लागते पाच मिली, म्हणजे चहाचा एक चमचा. गाभण शेळीचेही काढता येते, फक्त धरताना पोटावर दाब येऊ देऊ नये.

धरण्याचे काम आपले. शेळीला भिंतीलगत किंवा कोपऱ्यात उभी करा, पाय बांधून आडवी पाडू नका. जबड्याखाली हात घालून तोंड वर आणि थोडे एका बाजूला वळवा. शिंगे ओढू नका. घाबरलेली शेळी झटका देते, सुई शिरेतून सुटते आणि मग पुन्हा टोचावे लागते. ओळखीचा माणूस धरायला असला की ती लवकर शांत होते. मानेच्या पन्हाळीत मोठी शीर असते. डॉक्टर तिथले केस कापतात, स्पिरिट लावतात, ते वाळू देतात आणि खालून अंगठा दाबतात. शीर फुगली की सुई जाते. रक्त आले की अंगठा आधी सुटतो, सुई नंतर निघते. त्या जागी कापूस मिनिटभर आपण दाबून धरायचा, चोळायचा नाही.

प्रत्येक शेळीला नवी सुई हवी. एकीच्या रक्तातला रोग सुईवरून दुसरीत जातो. पाच शेळ्या आणि एकच सुई दिसली, तर संकोच न करता विचारा. हा उद्धटपणा नाही.

या तपासणीला लाल टोपणाची, औषध नसलेली नळी लागते. रक्त सिरिंजमधून जोरात ढकलले किंवा नळी हलवली, तर रक्तपेशी फुटतात आणि वरचे पाणी लाल होते. तसा नमुना वाया गेला समजा. नळी तासभर सावलीत तिरकी ठेवली की रक्त साकळते आणि वर पिवळसर रक्तजल सुटते. त्यानंतर ती बर्फाच्या डब्यात. बर्फाला थेट चिकटू नये, रक्त गोठले तरी नमुना बिघडतो. राज्याची रोग अन्वेषण प्रयोगशाळा पुण्यात औंधला आहे. मे महिन्यात एसटीच्या टपावरून नळी गेली तर काय पोचणार? जांभळ्या टोपणाच्या नळीत रक्त न साकळण्याचे औषध असते. ती रक्तपेशी मोजण्यासाठी आणि ती मात्र आठ-दहा वेळा अलगद उलटीपालटी करावी लागते. गोचिडांच्या तापासाठी कानाच्या टोकाचा एक थेंब काचपट्टीवर घेतात, तोही औषधाचे इंजेक्शन देण्याआधी.

नळीवर शेळीच्या बिल्ल्याचा 12 आकडी क्रमांक आणि तारीख लिहिलेली स्वतः पाहा. कधी गाभडली, कितव्या महिन्यात, हेही डॉक्टरांना सांगा. गाभडल्यावर लगेच काढलेल्या रक्तात कधी कधी काही दिसत नाही. अशा वेळी दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा नमुना द्यावा लागतो. घरी गाय-म्हैस असेल तर तेही सांगा. ब्रुसेलाची लस 4 ते 8 महिन्यांच्या कालवडी आणि पारड्यांना टोचतात, तिचीही खूण पुढे रक्तात दिसू शकते.

अहवाल येईपर्यंत दूध उकळूनच प्या. पडलेले करडू आणि वार उघड्या हाताने उचलू नका, कुत्र्यांपुढेही टाकू नका. हातमोजे नसतील तर प्लास्टिकच्या पिशव्या हातात चढवा आणि चुना टाकून खोल पुरा. घरातल्या गरोदर बाईला या कामापासून लांब ठेवा. रोग निघालेली शेळी बाजारात नेऊन दुसऱ्या घरी पाठवू नका, तिचे काय करायचे ते डॉक्टरांना विचारूनच ठरवा. घरात कुणाला लांबलेला ताप असेल, तर सरकारी दवाखान्यात पहिल्याच वाक्यात सांगा: “आमच्या शेळ्या गाभडल्यात.” त्या तापाची तपासणीही रक्तावरच होते, आणि रोग निघाला तर औषध साधारण सहा आठवडे, मधे न सोडता घ्यावे लागते.