पिकअपचे टायर घेण्याआधी गाडी काट्यावर न्या



बेण्याचा हिशेब आपणा सर्वांना पाठ आहे. एका एकराला दोन डोळ्यांची साधारण १०,००० टिपरी लागतात आणि त्यांचे वजन अडीच ते तीन टन भरते. आता आपल्या पिकअपचे आर. सी. बुक उघडून बघा. मोठ्या पिकअपची माल नेण्याची मंजूर क्षमता साधारण सव्वा ते पावणेदोन टनांच्या घरात असते. 'छोटा हत्ती' तर पाऊण टनाचाच. म्हणजे एका एकराचे बेणे हे निदान दोन खेपांचे काम झाले. प्रत्यक्षात काय होते? "दोन खेपा कायले करता भाऊ, एकातच आनू ना!" आणि मग गाडी मागून बसलेली, पुढून उचललेली अशी पांदणीतून डुलत निघते. या घाईची किंमत आधी टायर देतो, नंतर गाडीत बसलेला माणूस.

हंगाम तोंडावर आला की टायर बदलण्याची लगबग सुरू होते, म्हणून हा विषय यंदा सविस्तर घेत आहोत. उसाच्या वाहतुकीला ट्रक, ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि बैलगाड्या आहेत. पण बेणे, खत, कापसाची गाठोडी, संत्र्याचे क्रेट, घरचा बाजार ही सारी ओझी आता पिकअपवर आली आहेत. पूर्वी हे काम आपल्या गौळाऊ बैलांचे होते. पुलगाव-आर्वी छोटी रेल्वे १९१७ साली सुरू झाली, तिनेही पुष्कळ वर्षे माल वाहिला. बैलगाडीला लाकडी चाकाऐवजी हवेचे टायर आले तेव्हा लोक तिला 'डनलॉप'च म्हणू लागले. अशा टायरवर ए. डी. व्ही. ही तीन अक्षरे असतात. 'जनावराने ओढायचे वाहन' असा त्यांचा अर्थ. सांगायचे कारण इतकेच की, बैलगाडीचा टायर स्वस्त मिळतो म्हणून तो मोटारगाडीला चढवण्याची कल्पना कोणाच्या डोक्यात आली तर ती तिथल्या तिथे सोडून द्यावी. तो बैलाच्या चालीसाठी केलेला असतो.

वजन रबर उचलत नाही, आतली हवा उचलते. रबर आणि आतले धागे ही त्या हवेची पिशवी. टायर फिरताना जमिनीला टेकलेला भाग दबतो आणि त्याच्या बाजूच्या भिंती वाकतात. पिकअपचा टायर एका किलोमीटरात चारशेहून अधिक वेळा असा वाकतो. हवा कमी असली किंवा माल जास्त झाला की तो गरजेपेक्षा अधिक वाकतो, आतून तापतो आणि धागे रबरापासून सुटू लागतात. मे महिन्यात आपल्या जिल्ह्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो, डांबर त्याहून अधिक तापते. टायर फुटतो तो त्या क्षणी, पण त्याचे मरण कित्येक खेपा आधी सुरू झालेले असते. दगड लागला, काच लागली असे आपण म्हणतो. पुष्कळदा दगड हे निमित्त असते.

सबब दुकानात जाण्याआधी गाडी नेहमीच्या मालासह वजनकाट्यावर न्यावी. कापूस मोजण्यासाठी आपण काट्यावर जातोच, त्याच खेपेत हे काम होते. पूर्ण गाडीचे वजन घ्यावे, मग फक्त मागची चाके काट्यावर ठेवून पुन्हा घ्यावे. समजा, मागच्या दोन चाकांवर मिळून २,००० किलो आले, तर प्रत्येक टायरवर १,००० किलो झाले. आता टायरच्या भिंतीवर आकाराच्या पुढे छापलेला आकडा वाचावा. १०० असेल तर तो टायर पूर्ण हवेत ८०० किलोच पेलतो. ११२ असेल तर १,१२० किलो. त्याच्या जवळचे इंग्रजी अक्षर वेगाचे असते: एल म्हणजे ताशी १२० किलोमीटर, एन म्हणजे १४०. आपल्याला वेगाची घाई नसते. आपली अडचण वजनाची आहे, तेव्हा आधी वजनाचा आकडा बघावा.

इथे एक गैरसमज सर्वत्र दिसतो. "जास्त प्लायचा टायर घातला की गाडी जास्त उचलते." नाही उचलत. टायर दणकट झाला तरी मागची धुरी, पाटे, बेअरिंग आणि ब्रेक होते तेवढेच राहतात. टायर तग धरतो आणि उतारावर ब्रेक धरत नाहीत, हे अधिक वाईट. कायदाही टायरकडे पाहत नाही, आर. सी. बुकाकडे पाहतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात जादा मालाला २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनास २,००० रुपये असा दंड आहे. वाचवलेल्या एका खेपेचे डिझेल त्यापुढे किती, हा हिशेब ज्याचा त्याने करावा.

आकार गाडीला कंपनीने दिलेलाच ठेवावा. पिकअपला ७.०० आर १५ किंवा २१५/७५ आर १५ हे आकार आपल्याकडे नेहमी दिसतात, छोट्या हत्तीला १४५ आर १२. यातला 'आर' म्हणजे रेडियल. एकाच धुरीवर एका बाजूला रेडियल आणि दुसऱ्या बाजूला नायलॉन टायर कधीही घालू नये. गाडी एका अंगाला ओढते आणि पावसात घसरते. टायर जोडीने बदलावेत. दोनच नवे घ्यायचे झाले तर ते मागे घालावेत, असे टायर कंपन्या सांगतात, कारण रिकामी पिकअप ओल्या रस्त्यावर मागून फिरते. आपले ड्रायव्हर मात्र नवे पुढे घालतात, स्टिअरिंगची भीती म्हणून. आमचे मत कंपनीच्या बाजूचे आहे, परंतु पुढे राहणारे जुने टायर भेगा पडलेले किंवा रिमोल्ड केलेले नसावेत ही अट पाळूनच.

रिमोल्डला आम्ही सरसकट वाईट म्हणणार नाही. चांगल्या सांगाड्यावर, चांगल्या ठिकाणी चढवलेले रबर मागच्या चाकाला चालून जाते. वाईट प्रकार निराळाच आहे. गुळगुळीत झालेल्या टायरवर नक्षी पुन्हा कोरायची, वरून काळा रंग मारायचा आणि 'सेकंड हँड, एकदम कंडिशनमध्ये' म्हणून विकायचा. तिथे नक्षी असते, पण तिच्याखाली रबर नसते. नक्षीच्या चरांत मधे मधे लहान उंचवटे असतात. झीज त्यांच्या बरोबरीला आली म्हणजे खोली १.६ मिलिमीटर उरली. चारचाकीला कायद्याने तेवढी तरी हवीच.

नवा टायर घेतानाही भिंतीवरचे शेवटचे चार आकडे वाचावेत. २३२५ असेल तर २०२५ सालच्या २३ व्या आठवड्यात बनलेला. दुकानात दोन-तीन वर्षे पडून राहिलेला माल 'ऑफर'मध्ये देण्याची रीत आहे. आय. एस. आय. चिन्ह बघावे आणि पक्के बिल घ्यावे. बिलाशिवाय वॉरंटी मागता येत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या टायरवरचा जी. एस. टी. २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे आणि ट्रॅक्टरच्या टायरवरचा १८ वरून ५ टक्क्यांवर. बिलात तोच दर लावला आहे ना, हे विचारायला लाजू नये.

किमतीचे म्हणाल तर टायर नगावर नव्हे, किलोमीटरवर मोजावा. समजा, एक ८,००० रुपयांचा टायर ४०,००० किलोमीटर चालला आणि दुसरा ६,००० रुपयांचा २४,००० चालला. पहिला किलोमीटरला २० पैसे पडला, दुसरा २५ पैसे. गावातल्या दहा जणांनी मिळून एकदम भाव मागितला तर दुकानदार ऐकतो, हे सहकारातल्या माणसाला वेगळे सांगायला नको.

आपल्या पांदणीचा विचारही करावा. आडव्या जाड गोट्यांचा टायर चिखलात धरतो, पण डांबरावर आवाज करतो आणि लवकर झिजतो. ज्याची गाडी महिन्यातून चार वेळा शेतात आणि बाकी दिवस वर्धा-पुलगाव रस्त्यावर असते, त्याने मिश्र नक्षी घ्यावी. बाभळीच्या काट्याने ट्यूबलेसची हवा हळूहळू जाते, माणूस घरी पोचतो. ट्यूब एकदम बसते. तुरीची धसकटे आणि पऱ्हाटीची खुंटे मात्र दोघांनाही सोडत नाहीत, आणि बाजूच्या भिंतीला भोक पडले तर तो टायर दुरुस्त करून मालाला वापरू नये. ट्यूबवाला टायर घेतला तर ट्यूबही नवीच टाकावी. जुनी ट्यूब ताणलेली असते, नव्या टायरात तिला घडी पडते.

जुना टायर काढला की तो फेकण्याआधी उताणा करून नीट बघावा. दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी ठेवत होतो, मधला पट्टा गेला असेल तर जास्त. एकच कड खाल्ली असेल तर चाकांची सरळाई बिघडली आहे. ती आधी करून घ्यावी, नाहीतर नवा टायरही त्याच वाटेने जाईल. हवा सकाळी गाडी थंड असताना तपासावी आणि ती गाडीच्या पत्र्यावर किंवा पुस्तकात दिलेल्या मापाने भरावी. उन्हात हवा वाढलेली दिसली म्हणून ती काढून टाकणाऱ्याची गाडी संध्याकाळी कमी हवेवर धावते.

आणि स्टेपनी. तिची हवा बहुतेक गाड्यांत कोणी बघितलेली नसते. भरलेल्या गाडीखाली ती लावायची असेल तर तिचा वजनाचा आकडाही इतर चारांइतकाच हवा.