गंगाळ दुरुस्त करावे की मोडीत घालावे?

दिवाळी तोंडावर आली की माळ्यावरची भांडी खाली येतात. आंघोळीचे तांब्याचे गंगाळ चिंचेने लख्ख घासले जाते, आणि पाणी भरताच न्हाणीत ओघळ दिसतो. मग घरात बोलणे निघते. सूनबाई म्हणते, "आई, हे मोडीत घालू अन् प्लॅस्टिकचा टब आणू." सासूबाई म्हणतात, "माझ्या बापानं आंदणात दिलेलं आहे ते!" दोघींचेही चुकत नाही. पण निर्णय भांडे पाहून करावा.

पहिला प्रश्न असा: झिजले ते काय, भांड्याचे अंग की वरचा थर? जस्ती टब म्हणजे लोखंडावर जस्ताचा मुलामा. एनॅमलचा टब म्हणजे लोखंडावर भट्टीत भाजलेला काचेचा थर. तो थर गेला की लोखंड गंजते, आणि तसा थर घरी पुन्हा देता येत नाही. वरून रंग फासला तर तो पोपडे धरून निघतो. असा टब गळू लागला की नवा घ्यावा हेच शहाणपण.

तांब्या-पितळेचे तसे नाही. ते आतबाहेर एकच धातू असते. फरशीवर ओढून आणि वाळूने घासून ते पातळ होते, पण उरलेले अंग चांगलेच राहते. म्हणून ते दुरुस्त होते. कल्हईचा प्रश्नही येथे नाही. कल्हई स्वयंपाकाच्या भांड्यांना हवी, आंघोळीच्या गंगाळाला नाही.

आता परीक्षा करा. गंगाळ उन्हात उपडे धरून आतून पाहा. छिद्र असेल तेथे उजेड टिपक्यासारखा दिसेल. मग ते कोरड्या वर्तमानपत्रावर ठेवून पाणी भरा आणि रात्रभर राहू द्या. कागद कोठे ओला झाला ते सकाळी पाहा. बुडाला अंगठ्याने दाबा. पत्रा दबत असेल तर तो फार झिजला आहे.

एखादे छिद्र असेल किंवा कडीचा खिळा ढिला असेल, तर तांबटाकडून डाख देऊन घ्यावा. बूड चाळणीसारखे झाले, पण बाजू जाड आहेत, तर बूडच बदलता येते. बाजूही ठिकठिकाणी चिरल्या असतील तर मात्र मोह सोडावा. डाखात शिसे असू शकते. म्हणून डाख दिलेल्या भांड्यातले पाणी पिण्यास किंवा स्वयंपाकास घेऊ नये.

मोडीत घालण्यापूर्वी गंगाळ घरी तोलून घ्या. वर्धा, हिंगणघाट, आर्वी, जो बाजार जवळ असेल तेथे दोन दुकानी भाव विचारा. तांब्याला पितळेपेक्षा भाव जास्त, म्हणून तांबे पितळेच्या भावाने जाऊ देऊ नका. डाखाची आणि मळाची घट किती धरली तेही विचारा. मग दुरुस्तीची मजुरी एकीकडे आणि मोडीचे पैसे वजा जाता नव्या भांड्याला पडणारी भर दुसरीकडे, असा हिशेब मांडा. प्लॅस्टिकचा टब स्वस्त व हलका खरा. पण उन्हात तो ठिसूळ होतो आणि तडकला की त्याची मोड जवळजवळ शून्य. तांबे वीस वर्षांनीही वजनावर विकले जाते.

हा हिशेब वर्धा जिल्ह्याला नवा नाही. १९३४ साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. त्याचे काम वर्ध्याच्या मगनवाडीतून चाले आणि जे. सी. कुमारप्पा त्याचे चिटणीस होते. वस्तू घेताना पैसा कोणाच्या हाती जातो हेही पाहावे, हा त्या कामाचा आग्रह होता. दुरुस्तीचा रुपया गावच्या कारागिराच्या घरी जातो. तांबटाला काम मिळाले नाही तर त्याचा मुलगा ऐरण विकील, आणि पुढच्या वेळी डाख द्यायला कोणी उरणार नाही.

दुरुस्त केलेले गंगाळ फरशीवर ओढू नका. खाली गोणपाट घाला. वाळूऐवजी चिंच किंवा लिंबाने घासा आणि लगेच धुऊन पुसा.

आणि सूनबाईला टब हवाच असेल तर तोही आणा. लहान बाळाला त्यात न्हाऊ घालणे सोपे जाते. मात्र त्यासाठी गंगाळ विकायची घाई करू नका.