पात्यांच्या धारेसाठी घरी करता येणारे टेकण

गोठ्याशेजारी कडबा कापण्याचे यंत्र असले की पात्याची धार ही नित्याची चिंता होऊन बसते. पाते बोथट झाले म्हणजे वैरण कापली न जाता चेंगरते, हाताने चाक फिरविणाऱ्याचे खांदे भरून येतात आणि विजेच्या यंत्रावर मोटार कण्हू लागते. हे यंत्र आपल्याकडे काही नवे नाही. १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसविणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या उद्योगाची सुरुवातच कडबा कापण्याच्या यंत्राने व लोखंडी नांगराने झाली. तथापि पात्यास धार लावण्याचे काम अजूनही पुष्कळ ठिकाणी अंदाजाने चालते.

आता अनेक शेतकऱ्यांच्या घरी १५० मि.मी. चाकाचा ग्राइंडर असतो. त्याबरोबर मिळणारे टेकण बहुधा अरुंद व लेचेपेचे असते. रुंद पाते त्यावर स्थिर राहत नाही. हात योग्य कोन शोधीत राहतो, पाते एकाच जागी रेंगाळते आणि तेथे पोलाद तापते. साधे पोलाद सुमारे २३० अंश सेल्सिअसला फिकट पिवळे दिसते व ३०० अंशांच्या सुमारास निळे पडते. निळा रंग आला की तेथील पाणी उतरले असे समजावे.

हे मी अनुभवाने शिकलो. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका वृद्ध पशुपालकाचे पाते मी मोठ्या उत्साहाने, नुसत्या हाताच्या आधाराने घासून दिले. धार चकचकीत दिसत होती. परंतु कडेला बोटभर लांबीचा निळा पट्टा उमटला होता. त्याकडे मी दुर्लक्ष केले. चौथ्या दिवशी नेमकी तेथेच धार वळली. नवे पाते मी पदरच्या पैशाने आणून दिले. बाबा काही बोलले नाहीत. मात्र पुढे धार लावण्यासाठी त्यांनी मजकडे पाते कधी दिले नाही.

यावर उपाय म्हणजे कोन हाताने न धरता टेकणाने धरावा. असे टेकण भंगारातील लोखंडातूनही होते. तळासाठी ५० मि.मी. रुंद, ६ मि.मी. जाड व सुमारे २५० मि.मी. लांब पट्टी घ्यावी. तिच्या मधोमध ८० मि.मी. लांबीची खाच करावी. एका रेषेत भोके पाडून मधले लोखंड कानशीने काढल्यास खाच सहज होते. या खाचेतून १० मि.मी. बोल्टने पट्टी बाकाच्या फळीवर आवळावी, म्हणजे टेकण पुढेमागे सरकविता येते. पट्टीच्या चाकाकडील टोकावर ४० मि.मी. अँगलचा तुकडा उभा वेल्डिंग करून घ्यावा. त्याची एक बाजू चाकाच्या धुऱ्याशी काटकोनात असावी व धुऱ्याहून बोटभर उंचीवर तीत भोक असावे.

वरचा पाट १०० × ७५ × ६ मि.मी. पुरतो. त्याच्या खालच्या अंगास अँगलचा छोटा तुकडा बसवावा. स्क्रूंची डोकी पाटाच्या पृष्ठभागात बुडाली पाहिजेत, नाहीतर पाते त्यांवर अडखळते. या तुकड्याचे व उभ्या अँगलचे भोक जुळवून, स्प्रिंग वायसर घालून, बोल्ट घट्ट करावा. येथे कंजुषी करू नये. हा सांधा ढिला पडला तर सारी मेहनत वाया जाते.

कोन लावणे हाच कामाचा गाभा आहे. पात्याच्या उतारावर शाई किंवा काजळ फासावे, उताराची बाजू खाली करून पाते पाटावर ठेवावे आणि वीज बंद असताना चाक हाताने एकदा फिरवावे. शाई उताराच्या मध्यभागी खरवडली गेली तर कोन बरोबर आहे. फक्त धारेच्या टोकाशी गेली तर पाटाची आपल्याकडील कड थोडी खाली करावी; मागच्या अंगाला गेली तर ती वर उचलावी. दोन-तीन वेळा करून पाहिले की कोन सापडतो. पटाशी व रंध्याच्या पात्यासाठी सुमारे २५ अंश ठीक असतात. कडबा यंत्राच्या पात्यास मूळचा उतार असेल तोच राखावा.

घासताना पाते सतत डावी-उजवीकडे सरकवीत राहावे, दाब हलका ठेवावा आणि बोटास ऊब जाणवताच पाते पाण्यात बुडवावे.

असा ग्राइंडर मिनिटास सुमारे २,८०० फेरे घेतो. त्या वेगाला चाकाची कड सेकंदास सुमारे २२ मीटर धावते. म्हणून चाक व पाट यांत ३ मि.मी.हून अधिक फट ठेवू नये. मोठ्या फटीत पाते ओढले जाऊन चाक फुटू शकते. नवे चाक बसविण्यापूर्वी लाकडी मुठीने हलके ठोकून पाहावे. बद्द आवाज आल्यास ते वापरू नये. चष्मा लावावा, चाकावरचे कवच काढू नये, आणि उपरणे किंवा ओढणी दूर ठेवून मगच बटण दाबावे. हातमोजेही घालू नयेत, ते चाकात अडकतात.

चाक झिजते तशी फट वाढत जाते. म्हणून दर वेळी काम सुरू करण्यापूर्वी तळाचा बोल्ट सैल करून टेकण पुढे सरकवावे, आणि शाईची खूण पुन्हा एकदा पाहून घ्यावी.