बोगदे कुणी खोदले? कसारा घाट, आपली रेल्वे आणि मजुरीचं माप

(जळगाव इथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

सुरुवातीला एक साधा प्रश्न विचारतो. मुंबईहून जळगावला येताना कसाऱ्याला गाडी थांबते, तेव्हा तुम्ही काय करता? बरेच जण वडापाव घेतात. (हशा) मीही घेतो. तेवढ्यात गाडीला मागून एक हिसका बसतो. मागे जादा इंजिनं लागलेली असतात. रेल्वेवाले त्यांना ‘बँकर’ म्हणतात. पुढचा चढ एकास सदतीस आहे, म्हणजे सदतीस फूट पुढे गेलात की एक फूट वर. रस्त्यानं जाणाऱ्याला हे काहीच नाही, पण लोखंडी रुळावर लोखंडी चाक फिरतं तिथे हा फार मोठा चढ झाला. मग बोगदे सुरू होतात, मोबाइलची रेंज जाते, आणि थोड्या वेळानं इगतपुरी येते.

हा घाट, जुन्या कागदांत त्याला थळ घाट म्हणतात, रेल्वेसाठी खुला झाला तो १ जानेवारी १८६५ रोजी. काम सुरू झालं होतं १८५७ मध्ये. साधारण पंधरा किलोमीटरची चढण, तेरा बोगदे, आणि एहेगावच्या दरीवरचा तो सुमारे १८० फूट उंच पूल. आज आपण बोलणार आहोत ते हे काम ज्यांनी केलं त्यांच्याविषयी. त्यांना कोण आणायचं, पैसे कसे मिळायचे, आणि भांडण झालं तर काय व्हायचं. बेतशीर इंजिनिअरिंगचा भाग मी मुद्दाम थोडक्यात उरकणार आहे, त्यावर पुस्तकं भरपूर आहेत.

आधी हा रूळ आपल्याकडे का आला, ते पाहू. आपल्यावर उपकार करायला नक्कीच नाही. खान्देश आणि वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या बंदरात पोचवायचा होता. त्याआधी कापूस बैलगाड्यांवर नाहीतर लमाणांच्या बैलांच्या पाठीवर घाट उतरायचा. वाटेत धूळ, पाऊस, गठ्ठे भिजायचे, आणि पावसाळ्यात घाटातली वाहतूक जवळजवळ बंद. मँचेस्टरचे गिरणीवाले कित्येक वर्षं ओरडत होते की हिंदुस्थानचा कापूस घाण येतो आणि उशिरा येतो. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं, तिकडचा कापूस बंद पडला, आणि मग तर घाईला पारावार राहिला नाही.

ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे, म्हणजे आपली जीआयपी, तिची पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे धावली. हे शाळेत सगळ्यांनी पाठ केलंय. पण ठाण्यापर्यंत जाणं ही सोपी गोष्ट होती. पुढे सह्याद्री उभा. आधी विचार होता माळशेज घाटातून वर चढायचा. मुख्य इंजिनिअर जेम्स बर्कली यांनी पाहणी केली आणि दोन वाटा धरल्या. पुण्याकडे बोरघाट, आणि आपल्याकडे थळ घाट. गंमत अशी की घाट तयार व्हायच्या आधीच वर पठारावर, इगतपुरीच्या पुढे, रूळ पडायला लागले होते. म्हणजे घराचा वरचा मजला तयार, आणि जिना बाकी.

आता तो जिना कसा बांधला, ते सांगतो.

सह्याद्रीचा दगड म्हणजे काळा बसाल्ट. तुमच्यापैकी कुणी विहीर खोदून घेतली असेल तर त्याला सांगायला नको. तेव्हा डायनामाइट नव्हतं, नोबेलनं त्याचं पेटंट घेतलं ते १८६७ मध्ये. इथे सगळं काम काळ्या दारूवर. पहारीनं दगडात हातानं भोक पाडायचं, एकानं पहार धरायची, फिरवायची, दुसऱ्यानं घण घालायचा. भोकात दारू ठासायची, वात लावायची आणि पळायचं. कित्येक ठिकाणी उभं राहायलाच जागा नव्हती. तिथे माणसांना कड्यावरून दोरानं खाली सोडत, आणि ती लोंबकळत भोकं पाडत. बोगद्याचं म्हणाल तर, सपाट प्रदेशात डोंगरावरून खाली विहिरीसारखी विवरं पाडून मधूनही खोदकाम सुरू करता येतं. इथे वर डोंगरच इतका, की बहुतेक ठिकाणी फक्त दोन तोंडांकडून आत शिरायचं. एका तोंडाशी माणसं मावणार किती? म्हणून वर्षं लागली.

पुरुष दगड फोडत, बायका आणि पोरं पाट्या वाहत. माती-दगडाच्या कामात वडार मंडळी सगळ्यात तरबेज. गाडी वडार, माती वडार अशी त्यांची कामाप्रमाणे नावंच पडलेली. ते कुटुंबकबिल्यासह, गाढवं घेऊन येत. आणि काम कसं घेत? उक्तं. रोजावर नव्हे. इतकी माती काढली की इतके पैसे.

ही ‘उक्तं’ गोष्ट जरा नीट समजून घेऊ, कारण माझ्या मते या सगळ्या इतिहासाची किल्ली तिथे आहे. आपण नेहमी म्हणतो की डोंगर कठीण होता, जंगल होतं, रोगराई होती. होतं सगळं. पण मजुराचं रोजचं भांडण डोंगराशी नव्हतं. त्याचं भांडण मापाशी होतं.

माझं घर अमळनेर तालुक्यातलं. बहात्तरच्या दुष्काळात माझी आजी खडी फोडायला जायची. ती सुकडीबद्दल फार बोलायची नाही, पण खोक्याबद्दल बोलायची. तळ नसलेला एक लाकडी खोका असायचा, त्यात खडी भरून मोजायचे. ती म्हणायची, ‘आम्ही खडी बसवून भरायचो आणि तो वरून लाथ मारायचा.’ लाथ मारली की खडी दबते, खोका अर्धा वीत रिकामा दिसतो, आणि त्या दिवसाची मजुरी तेवढी कमी. मातीच्या कामावर खड्ड्याच्या मधोमध मातीचा एक खांब तसाच सोडतात, खोली कळावी म्हणून. त्या खांबाचं डोकं छाटलं तर तुमची मेहनत छाटली जाते. आजीला लिहिता-वाचता येत नव्हतं. ब्रास म्हणजे शंभर घनफूट हे मात्र तिला पक्कं ठाऊक होतं.

आता हेच शंभर-सव्वाशे वर्षं मागे न्या. कंपनी लंडनची. तिनं काम दिलं इंग्रज ठेकेदाराला. थळ घाटाचा ठेका वाइद्स आणि जॅक्सन यांच्याकडे होता. बोरघाटाचा पहिला ठेकेदार विल्यम फेव्हिएल. त्याच्याखाली पोटठेकेदार, त्यांच्याखाली मुकादम, आणि मुकादमाखाली टोळी. पैसा वरून निघतो, आणि प्रत्येक पायरीवर थोडा थांबतो. गाळ राहतो ना पाटात, तसा. टोळीला हाती येतो तो कधी महिन्यानं, कधी दोन महिन्यांनी, आणि ठरलेल्या दराहून कमी.

बोरघाटाचं उदाहरण मी घेतो, कारण तिथला तंटा कागदोपत्री आला. काम सुरू झालं जानेवारी १८५६ मध्ये. तीन वर्षांनी, जानेवारी १८५९ मध्ये, मजुरीच्या थकबाकीवरून तिथे मोठा दंगा झाला. मजुरांनी युरोपियन लोकांवर हल्ला केला, त्यात एक युरोपियन मारला गेला. लक्षात घ्या, सत्तावन्नचं बंड नुकतंच शमलेलं. सरकारला धसका बसणारच. पण चौकशीत जे पुढे आलं ते बंडबिंड नव्हतं. पैसे वेळेवर मिळत नव्हते आणि दर ठरले तसे मिळत नव्हते, इतकी साधी गोष्ट. त्याच वर्षी फेव्हिएलनं ठेका सोडला.

पुढे जे झालं ते मला फार बोलकं वाटतं. १८६० मध्ये सरकारनं कायदा केला, मालक आणि कामगारांच्या तंट्यांचा. रेल्वे, कालवे अशा कामांवर मजुरीचं भांडण झालं तर मॅजिस्ट्रेटनं झटपट निकाल द्यावा. चांगलं वाटतं ऐकायला. पण आदल्याच वर्षी, १८५९ मध्ये, तेरावा कायदा झाला होता. त्यात काय? उचल घेतलेला मजूर काम सोडून गेला तर त्याला कोर्टात खेचता येईल, आणि ऐकलं नाही तर तीन महिन्यांपर्यंत तुरुंग. आधी हा कायदा मुंबई, कलकत्ता, मद्रास या शहरांपुरता होता, पण सरकारला तो बाहेर कुठेही लावता येत असे. आता बघा. ठेकेदारानं पैसे बुडवले तर ते दिवाणी देणं. मजुरानं उचल घेऊन पळ काढला तर तो गुन्हा. हा तेरावा कायदा रद्द झाला १९२५ मध्ये. साठीचा कायदा तर १९३२ पर्यंत पुस्तकात होता.

आणि मजूर पळायचा का? याचं एक उत्तर पैसा, दुसरं पटकी. कॉलरा. हजारो माणसं एका डोंगरावर, झोपड्यांत, ओढ्याचं पाणी, तेच प्यायचं, तिथेच सगळं. उन्हाळ्यात पाणी आटलं की पटकी सुरू. लोक म्हणायचे मरीआईचा कोप. टोळीत दोन माणसं गेली की उरलेली टोळी रातोरात गायब. इंजिनिअर लिहितात की माणसं घाबरून पळाली. मी म्हणतो, शहाणपणानं पळाली. पाण्यातून रोग पसरतो हे जॉन स्नोनं लंडनला १८५४ मध्येच दाखवलं होतं, पण तिथल्या डॉक्टरांनाही ते पटायला वेळ लागला. घाटात तेव्हा पळ काढणं हाच एक उपाय माणसाच्या हातात होता.

आजारपणानं साहेबालाही सोडलं नाही, रोग असा भेद करत नाही. फेव्हिएलनंतर ठेका घेतला सॉलोमन ट्रेडवेल यांनी. ते १८५९ मध्ये हिंदुस्थानात आले आणि त्याच वर्षी वारले. मग त्यांची बायको, अ‍ॅलिस ट्रेडवेल, हिनं ठेका चालू ठेवला. दोन अनुभवी इंजिनिअर हाताशी घेतले आणि काम पुरं केलं. २१ एप्रिल १८६३ ला बोरघाट खुला झाला, पंचवीस बोगद्यांसह. जानेवारी १८६१ मध्ये त्या एका घाटावर ४२,००० माणसं कामावर होती. जळगाव शहरात तेव्हा तेवढी वस्तीही नव्हती. तिथे आठ वर्षांत पंचवीसेक हजार मजूर मेले, असा अंदाज पुस्तकांतून दिला जातो. तो अंदाजच आहे, आणि तो अंदाज राहिला हीच त्यातली मोठी गोष्ट. अ‍ॅलिसबाईंचं नाव आपल्याला माहीत आहे. पाटी वाहणाऱ्या एकीचंही नाही.

इथे एक तुलना करतो. जरा लांबची आहे, पण कामाची. १९७५ ते ७७ या काळात अमेरिकेनं अलास्कामध्ये तेलाची पाइपलाइन टाकली. सुमारे १,२८७ किलोमीटर, बर्फातून, तीन डोंगररांगा ओलांडून. सुरुवातीपासून धरलं तर सत्तरेक हजार माणसं त्या कामावर येऊन गेली. थंडी अशी की लोखंड ठिसूळ व्हावं. त्यात किती मेले? बत्तीस. हा आकडा मोजून दिलेला आहे, अंदाज नाही. शंभर वर्षांत यंत्रं आली, औषधं आली, हे खरंच. पण तिथे मजुरांच्या युनियन होत्या. कंपन्यांना १९७३ च्या तेलटंचाईनंतर घाई होती, म्हणून त्यांनी युनियनशी आधीच करार केला. संप करायचा नाही, त्या बदल्यात मजुरी भरपूर. जेवणात मांसाचे मोठे तुकडे मिळायचे, त्याच्या गोष्टी लोक अजून सांगतात. घाई आपल्याकडेही होती, भो. कापसाची. पण इथे घाईची किंमत मजुराला मिळाली नाही, त्याच्याकडून वसूल झाली.

मग आपले लोक गप्प बसले का? नाही. आणि हे आपल्या अगदी शेजारचं आहे. मनमाडला दौंडकडची गाडी मिळते ना? ती दौंड-मनमाड लाइन १८७६-७८ च्या दुष्काळात, दुष्काळी कामावरच्या मजुरांकडून झाली, नगर जिल्ह्यातून. १८७८ मध्ये खुली झाली. त्या दुष्काळात सर रिचर्ड टेंपल यांनी मजुरी ठरवली. पुरुषाला दिवसाला एक पौंड धान्य आणि एक आणा. पौंड म्हणजे अर्धा किलोही नाही. त्यावर दिवसभर दगड फोडायचा. तेव्हा मुंबई इलाख्यात दुष्काळी कामांवरचे लोक हजारोंनी कामं सोडून निघाले. उपाशी माणसानं केलेला संप होता तो. पुण्याच्या सार्वजनिक सभेनं, म्हणजे गणेश वासुदेव जोशी, आपले सार्वजनिक काका, यांच्या सभेनं त्यांची बाजू धरली आणि सरकारकडे पत्रांमागून पत्रं पाठवली. शिकलेला माणूस आणि पाटीवाला मजूर एका बाजूला उभे राहिल्याचं हे फार जुनं उदाहरण आहे, आणि शाळेच्या पुस्तकात ते दोन ओळींतही येत नाही.

आपल्या खान्देशातले पुढचे दोन रूळही दुष्काळाच्याच सालात पुरे झाले. चाळीसगाव-धुळे आणि सुरतहून नवापूर, नंदुरबारवरून येणारी तापी व्हॅली, दोन्ही १९०० मध्ये. छपन्नच्या दुष्काळाच्या गोष्टी घरात ऐकलेली माणसं अजून गावोगाव आहेत. त्या दुष्काळावर पुढच्या व्याख्यानात बोलू. कुणाकडे आजोबा-पणजोबांच्या तोंडची हकिकत असेल, मुकादमाची, मापाची, उचलीची, तर कागदावर उतरवून आणा. नाव, गाव आणि कुठल्या कामावर होते तेवढं असलं तरी पुरे.

आता कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा. मागच्या काकांना माइक द्या.