शुभ्र दंतपंक्तीचा सोस

लग्नसराई जवळ आली की आमच्या माळव्यातील मराठी घरांतून उपवर मुलींच्या केसांची, कांतीची आणि अलीकडे दातांचीही चिंता सुरू होते. कुणी लिंबाची फोड चोळते, कुणी लिंबात खाण्याचा सोडा कालवते, कुणी कोळशाची पूड वापरते. पहिल्या आठवड्यात दात थोडेसे उजळलेले दिसतातही. या उजळण्याची किंमत काय पडते, हे मात्र फारसे कुणी सांगत नाही.

वास्तविक शुभ्र दात म्हणजेच सौंदर्य, हे समीकरण काही सनातन नव्हे. आपल्या कवींनी दातांना कुंदकळ्यांची उपमा दिली, तशीच डाळिंबाच्या दाण्यांचीही. आणि डाळिंबाचा दाणा काही पांढरा नसतो! तेथे कौतुक रंगाचे नसून एकसारख्या, भरगच्च पंक्तीचे आहे. आपल्याकडील स्त्रिया तर दातवण लावून दात हौसेने काळे करीत. उत्तरेकडील मिस्सी ही त्याचीच बहीण. हिराकस आणि मायफळ वा हिरड्यासारखी तुरट द्रव्ये एकत्र आली की काळा रंग धरतो. त्याच संयोगातून पूर्वी लिहिण्याची शाईही करीत. जपानमध्येही कुलीन स्त्रिया अशाच रीतीने दात काळे करीत. तेथे १८७० मध्ये सरदारवर्गाला ही चाल सोडण्याची आज्ञा झाली आणि १८७३ मध्ये स्वतः सम्राज्ञीनेच ती सोडली.

आता दाताच्या घडणीकडे वळू. दातावरचे बाह्य कवच म्हणजे दंतवल्क, ज्याला दंतवैद्य एनॅमल म्हणतात. मानवी शरीरातील हा सर्वांत कठीण पदार्थ. पण तो अर्धपारदर्शक असतो. त्याच्या आत दंतिन असते, आणि त्याचा नैसर्गिक रंग पिवळसरच असतो. म्हणजे दाताचा रंग पुष्कळसा आतून येतो. दंतवल्क घडवणाऱ्या पेशी दात हिरडीबाहेर येताना नाहीशा होतात. त्यामुळे एकदा झिजलेले दंतवल्क पुन्हा भरून येत नाही. घासघासून ते पातळ झाले की आतला पिवळेपणा अधिकच डोकावू लागतो. पांढरेपणासाठी केलेला खटाटोप असा अखेरीस दात पिवळे करतो, आणि वर थंड पाण्याच्या घोटासरशी कळ उठते ती निराळीच.

यात सोड्याचा दोष त्या मानाने थोडा. तो फारसा खरखरीत नसतो. खरा अपराधी लिंबू. तोंडातला सामू साधारण साडेपाचाच्या खाली उतरला की दंतवल्क विरघळू लागते, आणि लिंबाच्या रसाचा सामू दोन ते तीनच्या दरम्यान असतो. त्यातून मऊ झालेल्या दातावर लगेच ब्रश फिरवला की झीज दुप्पट वेगाने झालीच म्हणून समजा!

आमच्या आजीच्या पिढीची राखुंडी स्मरणरम्य खरी, परंतु गोवरीच्या राखेतले वाळूचे बारीक कण दातांना मानवणारे नव्हते. त्याहून विवेक सुश्रुताने दाखवला आहे. दातवणाची काडी बारा अंगुळे लांब व करंगळीएवढी जाड असावी, तिचा कुंचला मऊ करावा, एकेक दात घासावा आणि हिरड्यांना इजा होऊ देऊ नये, असे तो सांगतो. कडूत कडुनिंब, तुरटांत खैर, गोडांत मोह आणि तिखटांत करंज या काड्या त्याने श्रेष्ठ मानल्या. तेथे भर शुद्धीवर आहे, चकाकीवर नाही.

मशेरीची गोष्ट वेगळी, आणि गंभीर. भाजलेल्या तंबाखूची ही पूड दातांसाठी म्हणून हिरड्यांवर चोळतात आणि तिचे व्यसन जडते. पुढे कर्करोगाचे भय असते. तंबाखू घातलेल्या दंतमंजनांवर व पेस्टवर केंद्र सरकारने १९९२ मध्ये बंदी घातली. पण घरच्या तव्यावर भाजल्या जाणाऱ्या तंबाखूला कायदा काय करणार?

आणखी एक गोष्ट शिक्षक या नात्याने मला बोचते. धार-झाबुआकडील काही गावांतल्या मुलांच्या दातांवर तपकिरी पट्टे दिसतात. ‘दात घासत नाहीस’ असा बोल त्यांना चारचौघांत ऐकावा लागतो, आणि ती बिचारी तोंडावर हात धरून हसायला शिकतात. हा दोष त्यांचा नव्हे, विहिरी-कूपनलिकांच्या पाण्यातील फ्लोराइडचा आहे. अमेरिकेतील कोलोरॅडो स्प्रिंग्ज या गावी फ्रेडरिक मॅके या दंतवैद्याने १९०१ पासून असेच डाग पाहिले. त्यांचे कारण फ्लोराइड असल्याचे १९३१ मध्ये उलगडले. आपल्याकडे पिण्याच्या पाण्यात लिटरमागे एक मिलिग्रॅम, आणि दुसरा पर्यायच नसेल तर दीड, ही मर्यादा आहे. हे डाग दात घडतानाच, बालपणी, आत उमटतात. कितीही घासले तरी ते जाणार कसे?

मग दात खरोखर उजळतात ते कशाने? हायड्रोजन पेरॉक्साइड दातात झिरपून रंगद्रव्यांचे विघटन करते. दातांच्या मापाच्या साच्यात दहा टक्के कार्बामाइड पेरॉक्साइड भरून तो रात्री घालण्याची पद्धत अमेरिकेत १९८९ मध्ये प्रसिद्ध झाली. युरोपीय संघाने २०१२ पासून ०.१ टक्क्याहून अधिक आणि ६ टक्क्यांपर्यंत पेरॉक्साइड असलेली द्रव्ये दंतवैद्यामार्फतच, तीही अठरा वर्षांवरील व्यक्तींनाच देण्याचा नियम केला. किडलेल्या वा भेगाळलेल्या दातात हे द्रव्य खोल शिरून ठणका लावते, म्हणून तपासणी आधी करावी लागते. उपायाला साधारण दोन आठवडे लागतात, तेव्हा हळदीच्या आदल्या दिवशी तो सुचून काही उपयोग नाही. आणि पुढच्या दातावर टोपी बसवलेली असेल तर तिचा रंग मुळीच बदलत नाही. शेजारचे दात तेवढे उजळतात.